पडद्याच्या अलीकडे

"अम्मी, आधी तो हात बघा, मग जायचं बोला," एजाज दारात आडवा उभा राहून म्हणाला.

सायराबानूने डावा हात पदराखाली घेतला. छातीतली गाठ काढताना डॉक्टरांनी काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. तेव्हापासून तो हात सुजलेलाच असे आणि त्यावर सूज दाबायला खांद्यापर्यंत घट्ट मोजा असे. केमो संपून पाच महिने झाले होते. बरी झालीस की आता, असं जो तो म्हणे. या बऱ्या झालेल्या बाईचं बोट मागच्या महिन्यात भाजी चिरताना जरासं कापलं, तर दुसऱ्या दिवशी हात लालभडक झाला आणि तापाने फणफणून आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. पण ते कुणाकुणाला सांगत बसणार?

चार घरं सोडून राहणारी झीनत त्या सकाळी वारली होती.

विजापूर वेशीतल्या त्या गल्लीत बाई वारली की सायराबानूला बोलावणं यायचं. सव्वीस वर्षं मयत बायकांना शेवटची आंघोळ तीच घालत आली होती. त्याचा एक पैसा तिने कधी घेतला नाही. आणि आत जे दिसलं ते कधी बाहेर बोलली नाही. एका घरात डाळ करपली तर दहा घरांत कळणाऱ्या गल्लीत ही काही लहान गोष्ट नव्हती.

हीच सायराबानू ऑपरेशननंतर स्वतःच्या अंगाला कुणाचा हात लागू देत नव्हती. बहीण आली, तिला परत पाठवलं. झीनत मात्र विचारायच्या भानगडीत पडली नाही. रोज सकाळी कोमट पाण्याची बादली घेऊन यायची, तिला न्हाऊ घालायची आणि ती सपाट झालेली बाजू पुसतापुसता कोथिंबिरीच्या भावावरून भाजीवाल्याला शिव्या घालायची. एकदाच म्हणाली होती, "माझी आंघोळ तूच घालायची बघ. दुसऱ्या कुणाचा हात नको मला."

नंतर तीच अर्धांगवायूने तीन महिने अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या, त्यांत पू झाला. सायराबानूने सकाळीच डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं होतं. हातमोजे घातले तर? बाई म्हणाल्या, अंगातल्या पांढऱ्या पेशी अजून कमी आहेत, तशात जखमांचं पाणी. बारीकसा ओरखडाही पुरतो. हे काम तुम्ही करू नका.

"नुसती उभी राहते," ती एजाजला म्हणाली. तो बाजूला झाला.

झीनतच्या अंगणात चादरींचा पडदा बांधला होता. बोरीचा पाला घालून पाणी तापवलेलं होतं. तिला पाहताच बायकांनी वाट दिली, कुणीतरी सवयीने तांब्या पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाय," ती म्हणाली.

मागून एक म्हातारी पुटपुटली, कॅन्सर बरा झाला म्हणत होती, आता मयताला भिते. ते सायराबानूला ऐकू गेलं. तिला इतकी लाज वाटली की आल्या पावली घरी जावं असं झालं. पण ती तोंडाला मास्क लावून पडद्याच्या अलीकडे खुर्चीवर बसली.

आत गेली ती झीनतची सून तरन्नुम, पंचविशीतली पोर. सोबतीला शेजारीण होती, पण मयताला हात लावायची वेळ दोघींवर पहिल्यांदाच आली होती.

"उजव्या बाजूनं सुरू कर," सायराबानू बाहेरून सांगू लागली. "घाई नको. अंगावरचं कापड सरकू देऊ नको." मग जरा थांबून म्हणाली, "पाणी लई गरम नको. तिला सोसत न्हाय."

आत पाणी पडत राहिलं. झीनतचं अंग आपल्या हातांना ओळखीचं, आणि आपण इथे खुर्चीवर बसून बोलतोय, याने सायराबानूचा जीव तुटत होता. तिचे दोन्ही हात मांडीवर कोरडे पडले होते.

कूस वळवल्यावर तरन्नुमला रडू फुटलं. "खाला, पाठीला लई..."

"जे दिसतंय ते तितंच ठेव," सायराबानू म्हणाली. "भाईर आणू नको."

कफन घालून झालं आणि मय्यत अंगणातून निघाली. कोपरापर्यंत भिजलेली तरन्नुम बाहेर आली, सायराबानूच्या गळ्यात पडायला धावली आणि दोन पावलांवर स्वतःच थांबली. "अंग धुऊन येते," म्हणाली आणि मोरीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी तरन्नुम जेवणाचा डबा घेऊन सायराबानूकडे आली. सायराबानूने तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"झीनत असती तर तुला तरास दिला नसता," ती म्हणाली. "माझ्या येळंला आता तूच येशील. तवा घाबरशील, म्हणून आताच बघून ठेव."

तिने पदर खाली केला आणि पोलक्याचे हुक सोडले. तरन्नुमने पाहिलं. छातीवरचा आडवा व्रण, किरणांच्या शेकाने काळी पडलेली कातडी.

सायराबानू हुक लावू लागली. सुजलेल्या हाताची बोटं वळेनात. वरचा एक कसाबसा लागला, तेव्हा खालचे तरन्नुमने लावून दिले.