भोंग्याची शेवटची कॅसेट

सुग्रीवच्या पायाला महिनाभर भिंगरी लागली होती. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकला स्पीकर बसवून देणारा हा पन्नाशीचा बाप्या दुपारीच शटर ओढायचा आणि मोटारसायकलला किक मारून गावोगाव एक कॅसेट शोधत फिरायचा. जेवणात लक्ष नाही, झोपेत लक्ष नाही. बायकोनं तर नादच सोडला होता.

आग लावली ती पुण्याच्या अभिमन्यूनं. हा पोरगा कुणी न ऐकलेल्या जुन्या बँडांच्या मागं वेडा झालेला. त्याला कुठूनशी ‘भोंगा’ नावाच्या कॅसेटच्या कव्हराची झेरॉक्स सापडली आणि त्यानं सुग्रीवला फोन लावला. म्हणाला, काका, हे हार्डकोर पंक आहे, ओरडून म्हणायची धडाक्याची छोटी गाणी, मला याची तबकडी काढायचीय, फक्त मूळ कॅसेट मिळवून द्या. घ्या! आपण काय वाजवत होतो त्याचं नाव सुग्रीवला अठ्ठावीस वर्षांनी कळलं.

तेव्हा माजलगावकडच्या एका कारखान्याच्या रिकाम्या गोदामात तिघं जमायचे. सुग्रीव पत्र्याच्या पिंपावर, शहादेव ऑर्केस्ट्रावाल्याच्या मोडक्या गिटारवर, आणि गहिनीनाथ नरड्याच्या शिरा ताणून ओरडायला. सहा गाणी, नऊ मिनिटं, चाळीस कॅसेटी. सगळ्या ऊसतोडीच्या टोळ्यांत वाटल्या आणि तिथंच माती खाल्ली. कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ते मोडायचं तिघांच्याही डोक्यात आलं नाही. टोळीतल्या माणसांना लिहिता येत नसे, ती कॅसेटवर बोलणं भरून ट्रकवाल्याच्या हाती घरी धाडायची. झालं, फुकटातली कॅसेट बरी सापडली. सुग्रीवला आता घरोघर कॅसेटी मिळत होत्या, पण वाजवल्या की कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या नातवाचं बारसं.

एकच घर उरलं होतं. चौसाळ्याचं, गहिनीनाथच्या आईचं, सुभद्राबाईंचं. त्याच हंगामात उसाची ट्रॉली उलटून गहिनीनाथ गेला, आणि तेव्हापासून सुग्रीवनं त्या गल्लीत पाय ठेवला नव्हता. शेवटी गेला. टेपरेकॉर्डर काखेत मारून, चोरासारखा.

सुभद्राबाईंनी त्याला ओळखलं, चहा टाकला. कॅसेटचं नाव काढताच त्यांचा हात थांबला. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी एक आली होती, म्हणाल्या. ट्रंकेतून खणात गुंडाळलेली कॅसेट काढून दिली, आणि स्वतः दाराकडं तोंड करून बसल्या.

सुग्रीवनं बटण दाबलं. गहिनीनाथच होता. आई, इकडं बरं हाय, थंडी लई हाय, माझं शेरडू विकू नको, असलं काहीबाही. मग खट्ट झालं, आणि एकदम तोच आवाज फाटून ओरडायला लागला, “सोडा! सोडा! सोडा!”

सुग्रीव आनंदानं उठून उभाच राहिला. बोलणं संपलं तिथून पुढचं गाणं तसंच उरलं होतं. चाळीस सेकंद का होईना, भोंगा जिवंत होता! त्यानं हसत वळून पाहिलं, तर म्हातारीनं दोन्ही कान दाबून धरले होते.

“बंद कर बाबा,” त्या म्हणाल्या. “ट्रॉलीचं खोटं हाय. सोडा सोडा म्हणतोय तरी माझ्या लेकराला मारलं त्यांनी. अठ्ठावीस वर्सं टोळीच्या त्या मुकादमाच्या दारचं पाणी प्याले न्हाई मी.”

सुग्रीवनं टेप बंद केला.

“मावशी, गाणं हाय ते,” तो कसाबसा म्हणाला. “कारखान्याचा भोंगा झाला, आता सोडा, असं गाणं हाय. मागं मीच वाजवतोय.”

त्यांना पटेना. असलं कुठं गाणं असतं का? मग त्यानं कोपऱ्यातला पिठाचा रिकामा डबा ओढला, कॅसेट मागं नेली आणि मांडी घालून बडवायला लागला. बोटं काही विसरली नव्हती. गहिनीनाथ जिथं श्वास घ्यायचा तिथं डबा थांबायचा, तो ओरडला की डबा सुटायचा. सुभद्राबाई कानावरचे हात काढून त्याच्या बोटांकडं बघत राहिल्या. शेवटी टेपमधून हसण्याचा आवाज आला. गहिनीनाथचा. तिथवर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

चहा उतू गेला.

“गाणं हाय ते तुला म्हाईत व्हतं,” त्या म्हणाल्या. “मग इतके दिस का आला न्हाईस?”

सुग्रीवच्या खिशात अभिमन्यूचा फोन वाजत होता, तो त्यानं वाजू दिला आणि त्यांच्यासाठी कॅसेट पुन्हा मागं नेली.