धुरपताचा रोवणा

“आपले धानाचे पऱ्हे म्हातारे होऊन राहिले, अन् तू दुसऱ्याच्या बांधीत चालली?” टेकचंद बायकोची वाट अडवून दोन शेतांमधल्या धुऱ्यावर उभा राहिला.

धुरपतानं काष्टा खोचला. “बाजूच्या कुंताच्या मालकाले काल साप चावला. ती त्याच्यासंगं भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहे. तिचे पऱ्हे उपटून झाले, जुड्या धुऱ्यावर पडल्या आहेत. आज रोवले नाई तर वाळतीन.”

“मंग आपलं?”

“आपले मुळावर उभे आहेत. थांबतीन.”

“पानी थांबन का?”

मागे थांबलेल्या रोवणाऱ्या बायका धुरपताच्या तोंडाकडे पाहत होत्या.

आसगावात धुरपताच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. तिनं लावलेला धान दाट फुटायचा, म्हणून रोवण्यात, धानाच्या लावणीत, पहिलं बोलावणं तिलाच. घरचं काय, होईलच, असं म्हणता म्हणता टेकचंदची बांधी दर साली शेवटी रोवली जायची आणि जून झालेल्या रोपांना फुटवे बेताचेच यायचे. यंदा मात्र त्यानं हट्टानं ‘जया’ जातीच्या धानाचं नवं बियाणं आणलं होतं, युरिया आणला होता, चिखलणी करून बांधीत पाणी अडवलं होतं. पहिला रोवणा आपला, असं बायकोकडून कबूलही करून घेतलं होतं.

“घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं,” तो पुटपुटला आणि बाजूला झाला. पण कुंताच्या बांधीत जुड्या फेकायला गडी नव्हता, तेव्हा उतरला तोच. तोंड मात्र दिवसभर एरंडेल प्यायल्यासारखं. धुरपता वाकली ती सांजेलाच सरळ झाली. तिचे हात पाहताना त्याचा राग टिकेना, याचाच त्याला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवसापासून पावसानं दडी मारली. टेकचंदच्या बांधीतलं पाणी पऱ्हे उपटायच्या आतच आटलं, चिखल तडकला. पुन्हा पाऊस आला तोवर पऱ्हे जून होऊन त्यांनी गाठी धरल्या होत्या. धुरपतानं ते जवळजवळ लावले, एका जागी चार काड्या जास्त घातल्या. युरिया पडला, निंदणही झालं. गेलेले दिवस तेवढे परत आले नाहीत.

कुंताचा नवरा वाचला. काठी टेकत धुऱ्यापर्यंत येऊ लागला.

कापणीच्या दिवसांत पवनीच्या बाजाराला निघालेला परगावचा आनंदराव दोन्ही बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावर थांबला. एकीकडे लोंब्यांनी वाकलेला, कमरेएवढा धान होता.

“वा, कोनाचा धान म्हनायचा हा?”

“धान कुंताचा,” टेकचंद म्हणाला. “रोवणा माह्या बायकोचा.”

आनंदरावानं दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथला धान गुडघ्याच्या जरा वर होता, विरळ.

“अन् हा?”

“हा माहा,” टेकचंद म्हणाला आणि विळा घेऊन त्यात उतरला.