चौदा-अ मधला माग

मित्रांनो, माझ्या लोखंडी चौकटीवर चहाचा कप ठेवला, तर मी चालू होताच चहावर बारीक वर्तुळे उठतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या मिनिटाला ऐंशी फेऱ्या झाल्या की कप हळूहळू काठाकडे सरकू लागतो. मी ट्वीड हे जाड लोकरी कापड विणणारा एक जुना माग आहे.

यॉर्कशरच्या कारखान्यातून बोटीने मी दूर उत्तरेकडच्या लुइस बेटावर आलो, माझी आताची मालकीण मर्डिना हिच्या वडिलांच्या परसातल्या पत्र्याच्या खोलीत. मला वीज लागत नाही. पायांचे बळ पुरते. वडिलांनी मला चाळीस वर्षे चालवले. ते गेल्यावर दोन वर्षे मी गंजत उभा होतो. मग मर्डिनाने मला घासूनपुसून तेल दिले आणि मी पुन्हा बोलू लागलो.

खोलीत एक शेगडी आणि किटली आहे. विणताना बोटे गारठतात, शिवाय शेजारी गप्पांना येतात. मर्डिनाचे घर चौदा नंबरचे; एवढ्यावरून घरपट्टीच्या कचेरीने खोलीला स्वतंत्र घर ठरवले, चौदा-अ, आणि वेगळी पट्टी लावली. मर्डिनाने प्रत्येक पाकिटावर प्रामाणिकपणे लिहिले, ‘इथे कोणी राहत नाही,’ आणि ते न उघडताच परत पाठवले. कचेरीला वाटले, घर रिकामे आहे. रिकाम्या घराची पट्टी दुप्पट.

चूक कळल्यावर तिने सोळा महिने अर्ज केले. उत्तर आले नाही. पट्टी थकत गेली आणि जप्तीचे दोन अधिकारी आले.

“हे माझं पोटापाण्याचं साधन आहे,” ती म्हणाली.

“रिकाम्या घरात कसला धंदा, बाई?” असे म्हणून एकाने मला यादीत लिहिले. शुक्रवारी मला उचलून नेणार होते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना तेल द्या, पण पाकिटेही उघडून वाचत जा.

गुरुवारी सकाळी मोजणीची फीत घेऊन कचेरीचा मूल्यांकन अधिकारी टॉर्किल आला.

“तू टपालवाल्या अँगसचा ना?” मर्डिना म्हणाली. “माझे अर्ज बापाने वाटेत खाल्ले की काय?”

“बाबांनी पोचवले, मावशी. कचेरीत पडून राहिले, काल माझ्या हाती लागले.” त्याने भिंत आणि मी यांमधले अंतर मोजले. “पन्नास सेंटिमीटर. इथे झोपायचं कसं?”

“उभ्याने. घोडा असशील तर जमेल.”

तो हसला नाही. त्याने आकडा लिहून घेतला. “चालवून दाखवा.”

माझ्या सांध्यासांध्यातून शिरशिरी गेली. तिने पाय मारले आणि धोटा सुटला. पत्रा थरथरू लागला, खिडकी वाजू लागली. इतक्या जोरात मी वडिलांच्या काळातही धावलो नव्हतो! टॉर्किलचे ओठ हलत होते. ऐकू येत नाही म्हणून मर्डिनाने कानामागे हात धरला. तो पुन्हा ओरडला, मान लाल होईपर्यंत. तरी एक अक्षर कळेना.

शेवटी तिने पाय उचलले. मी थांबलो. बाहेर एक मेंढी ओरडली, तेवढेच ऐकू आले.

“चौदा-अ ची नोंद आजच काढतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “थकबाकी गेली, जप्तीही गेली. हे घर नाही, मावशी. ही मागाची खोली आहे.”