शिक्का सापडेपर्यंत

“पुन्हा म्हणा,” कुंगताई म्हणाली.

“कान-चा-ना-पोन,” जर्मन प्लंबर म्हणाला. बँकॉकच्या वॉर्ड कचेरीच्या जिन्यावर तो वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा होता आणि घाम त्याच्या टायवर ठिबकत होता.

“आता आडनावासकट.”

त्याने केविलवाणं होऊन शेजारच्या नवरीकडे पाहिलं. नवरीने तोंडावर हात धरला. “मावशी, तो मला नुसतं नोक म्हणतो. आडनाव तर मलासुद्धा आठवून सांगावं लागतं.”

“तू गप गं. तुला कोण विचारतंय? हं, म्हणा साहेब.”

आमच्याकडे कुणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. खरं नाव असतं ते भिक्खूंसाठी, बँकेसाठी आणि पोलिसांसाठी. बाकीचं आयुष्य माणूस टोपणनावावर काढतो. कुंग म्हणजे कोळंबी. मला तर आख्खी गल्ली जाड्या म्हणते आणि मी ओ देतो. परदेशी नवरे हे टोपणनाव दुसऱ्या दिवशी शिकतात आणि आपलं थाई भाषेचं शिक्षण पुरं झालं असं समजतात. मग लग्नाची नोंद करायला कचेरीत येतात, आणि तिथल्या बाईंनी विचारलं, “वधूचं पूर्ण नाव काय?” की यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. ज्या माणसाला बायकोच्या गावातल्या प्रत्येक बिअरची किंमत पाठ असते, त्याला बायकोचं नाव ठाऊक नसतं.

यावर कचेरीने एक माणुसकीचा उपाय काढलेला आहे. नवरा अडखळला की नोंदणीच्या बाई म्हणतात, “थांबा हं, शिक्का शोधते,” आणि टेबलाखालच्या खणात वाकतात. शिक्का टेबलावरच असतो. बाई खाली असेतो दुभाष्याने नवऱ्याच्या कानात नाव सांगायचं. मग बाई वर येतात, प्रश्न पुन्हा विचारतात, नवरा छाती फुगवून उत्तर देतो, आणि सगळे टाळ्या वाजवतात. हा विधी कुंगताईनेच पाडला. माझ्या भाषांतराच्या दुकानात ती दुभाषी आहे, आणि लागेल तेव्हा साक्षीदारही. अर्ध्या युरोपाची लग्नं तिच्या कुजबुजीवर उभी आहेत.

त्या दिवशी मात्र दुभाष्या मी होतो, कारण नवरी ती होती.

नवरदेव डेरेक खाली गाडीतळापाशी सिगरेट ओढत होता. इंग्लंडात तो गालिचे विकायचा. अठरा वर्षांपूर्वी सुट्टीवर आला आणि कुंगताईच्या घरातल्या एकुलत्या एका पंख्यासमोर जो बसला, तो बसलाच. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, “कागदाने काय होतं? आपलं प्रेम आहे ना?” प्रेम होतंच. भात ती शिजवायची, त्याचे सॉसेज ती तळायची, वीजबिल ती भरायची, आणि प्रेम तो करायचा.

गेल्या वर्षी त्याचं हृदय अडलं. इस्पितळात नर्सने विचारलं, “या तुमच्या कोण?” नळ्या लावलेल्या अवस्थेतही साहेब स्पष्ट बोलले. “मदतीला असते.” नर्सने कुंगताईला बाहेरच्या बाकावर बसवलं. तीन रात्री ती तिथेच होती. हे तिने मला सांगितलं ते हसत, पण नंतर बराच वेळ ती कागदांचे गठ्ठे उगाचच सारखे करत बसली. शेवटी म्हणाली, “जाड्या, मला काही नको रे. फक्त पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांगायला एक शब्द हवा.”

आणि यंदा डेरेकला कळलं की बायको थाई असली तर इथे राहायच्या परवान्यासाठी बँकेत निम्मीच रक्कम ठेवावी लागते. प्रेमाला अचानक कागद चालायला लागला.

कागद अर्थात तिनेच केले. वकिलातीतून तो अविवाहित असल्याचा दाखला, त्याचं भाषांतर, त्यावर परराष्ट्र खात्याची मोहर. त्याने फक्त दाखवलेल्या जागी सह्या केल्या, न वाचता. आज तिने सुरिनहून बहिणीने विणून पाठवलेलं जांभळं रेशीम नेसलं होतं. केसांत मोगऱ्याची माळ. नोंदणीच्या बाईंसाठी आंबा आणि चिकट भाताचा डबा.

जर्मन वर गेल्यावर मी हळूच म्हणालो, “ताई, डेरेककडून पण एकदा घोकून घेऊ का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरात चपला घालून शिरलो होतो.

“तो काय गिऱ्हाईक आहे? अठरा वर्षं झाली, जाड्या. घरचं माणूस आहे ते.”

“नाही, आपलं सहज.”

“सहज बिहज काही नाही. माझ्या लग्नात कुजबुज नको.”

वर नोंदणीच्या बाईंनी डबा पाहिला, मोगरा पाहिला आणि टाळी वाजवली. “अगं बाई! कुंगताई, मी म्हटलं होतं, हा माणूस आधी मरेल पण सही करणार नाही!”

“मरून पाहिलं त्याने. जमलं नाही,” ताई म्हणाली. सगळे हसले. डेरेकही हसला, त्याला काही कळलं नव्हतं.

खुर्च्या ओढल्या. मागे भिंतीवर गुलाबी कापडाचा, पत्त्यांत असतो तसा भलामोठा बदाम लावलेला होता. नोंद झाली की त्याच्यासमोर फोटो काढायचा असतो. बाईंनी चष्मा चढवला आणि सरकारी आवाज लावला.

“वराला विचारा, वधूचं पूर्ण नाव काय?”

मी विचारलं.

“कुंग,” डेरेक म्हणाला.

“पूर्ण नाव विचारतायत.”

“कुंग,” तो जरा मोठ्याने म्हणाला, जणू मी बहिरा होतो. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो हसला आणि माझ्या मांडीवर थाप मारली. “तूच सांग की रे. ते काहीतरी लांबलचक आहे.”

कचेरीत पंखा फिरत होता. बाईंनी एकदा ताईकडे पाहिलं आणि चटकन म्हणाल्या, “थांबा हं, शिक्का शोधते.”

बाई खाली वाकल्या. शिक्का टेबलावर आंब्याच्या डब्याला टेकून उभा होता.

मी डेरेकच्या कानाकडे झुकलो. तोंड उघडलं. माझ्या मनगटावर ताईचा हात आला. जोर नव्हता त्यात. गरम भांडं आहे की गार, ते पाहायला ठेवतात तसा नुसता ठेवलेला हात.

“राहू दे,” ती म्हणाली.

“ताई, एका शब्दाचं काम आहे.”

“माहीत आहे मला. माझाच धंदा आहे तो.”

खणात बाई खडखडाट करत होत्या. पिना, रबर, जुनी कुलपं, सगळं वरखाली होत होतं. “सापडत नाहीये गं अजून,” त्या खालूनच म्हणाल्या. “सावकाश होऊ द्या.”

डेरेक घड्याळ पाहत होता. ताईने एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मला वाटलं, ती स्वतःच सांगेल. ओठ हललेही. मग ती टेबलाकडे वळली.

“बाई, वर या. कंबर धरेल तुमची.”

बाई वर आल्या. चेहरा लाल झाला होता.

“आज राहू दे,” ताई म्हणाली. तिने आपलं ओळखपत्र उचललं, रेशमाच्या काठाने पुसलं आणि पिशवीत टाकलं.

“म्हणजे पुन्हा कधी?”

“आंबा लवकर खा. भात कडक होतो.”

“काय चाललंय?” डेरेकने मला विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

“लग्न झालं?”

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच भाषांतर केलं नाही.

मागून नोकचा रडवेला आवाज आला. तिचे मामा साक्षीदार म्हणून यायचे होते, ते पुलावर गाडीत अडकले होते, आणि बाई जेवायला उठायच्या बेतात होत्या. “मावशी, दुसरा साक्षीदारच नाही हो!”

“असा कसा नाही?” ताई म्हणाली. “सरक.”

जर्मनाने आपल्या नवरीचं नाव आडनावासकट, डोळे मिटून, धडाधड म्हटलं, आणि नंतर स्वतःच दचकला. साक्षीदाराच्या जागी ताईने पेन टेकवलं. एरवी ती नुसता फराटा ओढते. आज तिने सुटं सुटं, प्रत्येक अक्षर काढून लिहिलं: थिप्पवान सुवन्नारत. शाईवर फुंकर घातली. बाईंनी शिक्का उचलला, शोधावा लागला नाही, आणि दाणकन मारला.

मग नवराबायको गुलाबी बदामासमोर उभे राहिले. नोकने फोन ताईच्या हातात दिला. ताई दोन पावलं मागे सरकली, एक डोळा मिटला.

“साहेब, टाय सरळ करा. नोक, दात दिसू देत गं.”

डेरेक बदामाच्या कडेला उभा होता, खिशात हात घालून, कुणीतरी त्याला घरी घेऊन जाईल याची वाट बघत.

ताईने फोन खाली केला. गिऱ्हाइकांसाठी राखलेल्या अदबशीर इंग्रजीत ती त्याला म्हणाली, “माफ करा साहेब, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.”