किल्ली आणि खोकला

“पुन्हा विचारतो. रायफलच्या कपाटाची किल्ली कुठं असते?”

“कालची जागा सांगू की आजची?” काकू म्हणाल्या.

“अगं, ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं!”

“पण मला माहीत आहे ना!”

काकांनी कपाळाला हात लावला. वनरक्षक म्हणून उभा जन्म जंगलात काढलेला हा माणूस रानडुकरासमोर कधी डगमगला नव्हता, पण बायकोच्या खरेपणापुढे त्याचं काही चालत नसे. आज परवान्यासाठी घर तपासायला बाई येणार होत्या. रायफल भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात हवी, काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत आणि परवानाधारक सोडून किल्लीची जागा कुणालाही ठाऊक नको. यातलं एक जरी चुकलं तरी रायफल जमा.

म्हणून काका किल्लीची जागा सतत बदलत. पिठाचा डबा, जुना बूट, भिंतीवरचं घड्याळ. रोज घर झाडणाऱ्या बायकोपासून घरातलं काही लपत नाही, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. अलीकडे तर किल्ली इतकी छान लपायची, की ती फक्त त्यांनाच सापडत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या ते लक्षात आलंय, हे काकूंनीही त्यांना कळू दिलं नव्हतं.

तपासनीस बाई आल्या. वयानं लेकीएवढ्या, पण नजर सासूची. त्यांनी आधी काकूंनाच गाठलं.

“काकू, किल्ली कुठं असते?”

“मला माहीत नाही,” काकू छताकडे बघत म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला.

“मग काका, तुम्ही उघडून दाखवा.”

काका ऐटीत उठले आणि घड्याळाकडे गेले. घड्याळामागे कोळ्याचं जाळं होतं. “कधीकधी इथंही ठेवतो,” ते हसून म्हणाले आणि बुटाकडे वळले. बुटात मोजा निघाला. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून झाला. आता त्यांच्या कपाळावर घाम होता आणि घामावर पीठ.

काकू जागच्या जागी चुळबुळत होत्या. सांगावं तर रायफल जाते, न सांगावं तर नवऱ्याची शोभा होते. काका शिवणयंत्रापाशी गेले तेव्हा त्या गप्प होत्या. दाराकडे सरकले, तसा काकूंना बारीकसा खोकला आला. काका थबकले. कोपऱ्यातल्या छत्रीजवळ गेले, तर काकूंना जोराची ढासच लागली.

“पाणी देऊ का काकू?” तपासनीस बाई घाबरून म्हणाल्या.

“नको, आता थांबेल,” काकू म्हणाल्या.

काकांनी छत्री उघडली. किल्ली टणकन फरशीवर पडली आणि खोकला तिथल्या तिथे थांबला.

कपाट उघडलं. रायफल जुनी, लिव्हरची. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस नळीत जाणारी. कित्येक वर्षांत तिचा बार उडाला नव्हता, पण दर रविवारी तिला तेल मिळत होतं. तपासनीस बाईंनी नळी रिकामी असल्याची खात्री केली, काडतुसांचं कुलूप ओढून बघितलं आणि प्रसन्न होऊन म्हणाल्या, “वा! सगळं नियमात आहे.”

काका कपाटातच बघत होते. सुट्टीत नात यायची, म्हणून त्यांनी स्वतःचा एक जास्तीचा नियम केला होता. कडी खाली ठेवायची, आतून तारेचं कुलूप ओवायचं, म्हणजे कुणी कपाट उघडलं तरी रायफल चालणार नाही. आज कपाट उघडलं तेव्हाच कडी वर होती. तारेचं कुलूप खिळ्याला नुसतंच लटकत होतं. ते कधी काढलं आणि का काढलं, त्यांना काहीच आठवेना. त्यांना भीती वाटली.

“मॅडम, रायफल घेऊन जा,” ते म्हणाले.

“अहो, आता कशाला?” काकू कळवळून पुढे आल्या. “मी उगीच का घसा फाडला?”

“म्हणूनच. किल्ली तुला ठाऊक होती, मला नव्हती. आज तार विसरलो. उद्या कपाट उघडं टाकीन आणि घरात पोर असेल.”

तपासनीस बाईंनी पावतीपुस्तक काढलं. काकांनी स्वतः कडी खाली केली, नळीत बोट घालून बघितलं, तार ओवली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि रायफल त्यांच्या हातात दिली. कुलपाची किल्लीही आठवणीनं दिली.

पुढच्या रविवारी काका सवयीनं तेल आणि फडकं घेऊन रिकाम्या कपाटासमोर बसले. बिजागऱ्यांना तेल घातलं, कुलपाला घातलं. मग चष्मा सापडेना. त्यांनी खुर्ची बघितली, खिडकी बघितली, पिठाचा डबाही बघितला. स्वयंपाकघरात काकू भाजी चिरत होत्या. काका शिवणयंत्राजवळ पोचले, तेव्हा आतून बारीकसा खोकला आला.

काकांनी हळूच यंत्राचा खण उघडला.