फार लांबून आलेल्या पाहुण्यांचा सत्कार

लखनऊच्या मराठी मंडळाने परग्रहावरच्या पाहुण्यांवर चुटकीसरशी विश्वास ठेवला. यात विज्ञानाची आवड वगैरे काही नव्हती. महाराष्ट्र दिन तोंडावर आला होता, आणि प्रमुख पाहुणे म्हणून ज्या साहेबांना बोलावलं होतं त्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं.

हेमा सबनीस शहरातल्या एका संशोधन संस्थेत होती. संध्याकाळी निशातगंजमधल्या घराच्या गच्चीवर आपल्या हौशी रेडिओला कान लावून बसायचं, हा तिचा जुना नाद. परवाना होता, अँटेना होता, हसणारे शेजारी होते. हिवाळ्यात एकदा तिला त्यावर टकटक ऐकू आली, कोणी बोटाने दार वाजवावं तशी. तिने तशीच टकटक उलट पाठवली आणि पलीकडून उत्तर आलं. मग तहानभूक विसरून तिने ती भाषा सोडवली. संस्थेच्या संचालकांपुढे कागद ठेवले, तर त्यांनी वरचं पानही न उलटता "ट्रान्सफॉर्मर की आवाज़ होगी, मैडम" म्हणून निकाल लावला. विद्वान माणूस! स्वतःच्या खुर्चीच्या करकरीपलीकडे त्यांना कधी काही ऐकूच आलं नव्हतं.

पलीकडच्यांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती इतक्या लांबून सांगता येणार नाही, समोर बसूनच सांगावी लागेल. आम्ही दोघे येतो. पण आम्ही कातडीने श्वास घेतो, आणि तुमच्याकडे ती ओली असेपर्यंतच जगू. हा अवधी, हेमाच्या हिशेबाने, कुकर लावून भात होईपर्यंतचा. त्यांना उतरायला मोकळी जागा हवी होती. हेमाने मंडळाचं आवार मागितलं आणि तिथेच घात झाला.

"वा, वा!" मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव म्हणाले. ते फौजेच्या पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, आणि छावणीतलं घर सुटलं तरी हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती. "महाराष्ट्र दिनालाच बोलवा. म्हणजे सत्कार करून टाकू."

"सत्कार नको हो. त्यांना वेळ फार थोडा आहे. नुसतं सावलीत बसू द्या, मी बोलते त्यांच्याशी."

"हेमाताई, कार्यक्रम अगदी आटोपशीर ठेवू!"

आटोपशीर! मंडळाच्या कार्यक्रमात हा शब्द ज्याने ऐकलाय, तो आधी घरून जेवून येतो.

"आणि शाल अजिबात नको. कातडी झाकली तर गुदमरतील ते."

"नाही नाही, तुम्ही काळजी सोडा," हणमंतराव म्हणाले. त्यांचं लक्ष तेव्हा फलकावर कोणाचं नाव कोणाच्या वर लिहायचं यात होतं.

एक मे रोजी संध्याकाळ झाली तरी लूच्या गरम झळा ओसरल्या नव्हत्या. आवारातल्या कडुनिंबाशेजारी पालथ्या पातेल्यासारखं काहीतरी आवाज न करता उतरलं आणि त्यातून दोघे बाहेर आले. माणसाच्या कमरेइतके उंच, कातडी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी ओली आणि सुरकुतलेली. सगळ्या माना आणि सगळे मोबाइल वर झाले. हेमा पुढे धावली, पण तिच्याआधी छातीवर बिल्ले लावलेले स्वयंसेवक पोचले आणि त्यांनी पाहुण्यांना मंचावर नेऊन बसवलं. हेमाला तिसऱ्या रांगेत जागा ठेवली होती. कार्यकारिणीत नव्हती ना ती.

मग सगळं यथासांग सुरू झालं. दीपप्रज्वलनाच्या वाती वाऱ्याने विझत होत्या, त्या पुन्हा पुन्हा लावल्या. ईशस्तवन झालं. स्वागतगीत झालं, त्याचं शेवटचं कडवं पेटीवाल्याला आवडलं म्हणून दोनदा झालं. सूत्रसंचालन हणमंतरावांच्या पत्नी लतावहिनींकडे होतं. दोन बाबींच्या मधे त्या स्वतःच्या चारोळ्या म्हणत. पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्या गृहस्थांना पाहुण्यांविषयी काहीच माहिती नव्हती, म्हणून त्यांनी मंडळाचा इतिहास सांगितला.

"आई, ये तो काँप रहे हैं," शेजारी बसलेली अनन्या म्हणाली. हेमाची ही लेक मराठी सगळं समजायची, बोलायची मात्र हिंदीतच.

हेमाला ते दिसत होतंच. त्यांची कातडी वाळून तडकायला लागली होती. त्यातल्या एकाची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती आणि माईकच्या खरखरीतूनही तिला ती कळत होती. *सांगायचं आहे. कोणाला सांगू?*

ती उठून उभी राहिली. "हणमंतराव, वेळ संपत आला त्यांचा!"

"दोन मिनिटं, हेमाताई. शिस्त पाळा."

आणि शाली आल्या. लखनवी चिकनच्या भरतकामाचं तलम कापड इथल्या चौक बाजारात हवं तेवढं मिळतं. पण सत्कार म्हटला की शाल, आणि शाल म्हटली की मराठी माणसाला ती लोकरीचीच लागते, मग बाहेर मे महिना का असेना. हणमंतरावांनी दोघांच्या अंगावर त्या चांगल्या गळ्यापर्यंत लपेटल्या आणि मांडीवर नारळ ठेवले. ते दोघे नम्रपणे वाकले. हा आपल्याला मारायचा विधी असेल आणि तो इथला मोठा मान असेल, असंच त्यांना वाटलं असावं. टाळ्या पडल्या. हणमंतराव अध्यक्षीय भाषणाला उभे राहिले.

हेमा रांग तुडवत मंचावर चढली. तिला पाहताच त्या बोटांनी वेग घेतला. *तू आहेस. ऐक. सुरुवातीपासून सांगतो.* तिथेच गुडघे टेकून ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. हिवाळ्यापासून वाट पाहिली होती ती याच्यासाठीच. पण पूर्ण ऐकेपर्यंत सांगणारा उरला नसता. तिने शाली ओरबाडून काढल्या. नारळ गडगडत गेले. हणमंतराव "अहो, हे काय!" ओरडत असताना तिने दोघांना दोन्ही काखोटीला मारलं आणि धावत सुटली. वजन काहीच नव्हतं. तो सांगणारा अजून सांगतच होता, तिच्या पाठीवर बोटं वाजवत, अधिकाधिक हळू. पण धावताना तिचं स्वतःचं काळीज इतकं धडधडत होतं की टकटक कोणती आणि ते कोणतं, काही उमगेना. तिने दोघांना आत ढकललं. ते पातेलं वर गेलं, दिसेनासं झालं, आणि हेमा आवारातच मटकन बसून रागाने रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतरावांचा फोन. आवाज फुगलेला.

"पाहुण्यांना असं हाकलतात का, हेमाताई? आभारप्रदर्शन राहिलं, सामुदायिक फोटो राहिला. कार्यकारिणी अतिशय नाराज आहे. आता तुम्हीच त्या तुमच्या रेडिओवरून दिलगिरी कळवा."

हेमा उजाडल्यापासून तेच करत होती. पलीकडे नुसती खरखर होती. ते पोचले की वाटेतच संपले, तेही तिला माहीत नव्हतं.

"हणमंतराव," ती म्हणाली, "ते दोघे जिवावर उदार होऊन इथवर काहीतरी सांगायला आले होते. काय सांगायचं होतं, हे तुमच्यापैकी एकाला तरी विचारावंसं वाटलं का?"

"म्हणजे काय!" हणमंतराव खरोखरच दुखावले. "त्यांचं मनोगत ठेवलं होतं की आम्ही. माझं भाषण संपलं की लगेच."