खंडेनवमीला पुजलेलं बटन

प्रांजलीची सासू मंजुळाबाई पाचोडहून शहरात राहायला आली ती छातीचं दुखणं घेऊनच. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखायला लागलं की वेळ घालवू नका. पण त्यासाठी घरात माणूस तर पाहिजे ना! नवरा रामहरी शेंद्र्याला कामाला, प्रांजली वाळूजला, आणि मधे मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत म्हातारी एकटी. मोबाइल घेऊन दिला, तर तो पिठाच्या डब्यावर ठेवून विसरायची.

मग प्रांजलीनं शहागंजातून तीन बटनांची बिनतारी बेल आणली. दारावर लावतात तीच, चायनाची, स्वस्तातली. व्हिडिओ बघून बघून तिनं बेल खोलली, वायफायची एक चिमुकली पट्टी जोडली आणि जमवलंच की! एका बटनावर पाण्याची मोटर, दुसऱ्यावर दिवा, आणि तिसरं लाल बटन आत्याबाईच्या, म्हणजे सासूच्या, उशाशी. ते दाबलं की थेट वाळूजला प्रांजलीचा फोन वाजायचा.

"असल्या बेलवर आईचा जीव टांगतीस व्हय?" रामहरी हसला.

तो हसून मोकळा झाला, पण प्रांजलीच्या काळजात ते रुतून बसलं. बॅटरी उतरली तर? लाईट गेली तर? कामात असतानाही तिचा हात सारखा फोनकडं जायचा.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा होती. ताशा कडाडत होता, नारळ फुटत होते. प्रसादाचा पेढा तोंडात टाकता टाकता तिनं फोन बघितला. लाल बटन! एकदा नाय, चांगलं तीनदा दाबलेलं, आणि ताशाच्या गदारोळात तिला ऐकूच आलं नव्हतं.

तिनं सासूला फोन लावला. कोण उचलतंय? स्कूटी काढली आणि सुसाट निघाली, तर नगर नाक्यावर ट्रकांची ही भलीमोठी रांग. "खंडोबा, सांभाळ रे बाबा म्हातारीला," असं म्हणत तिनं वाट काढली. क्रांती चौकात पोलिसाच्या शिट्टीला भीक घातली नाही. डोळ्यांपुढं एकच चित्र होतं, फरशीवर पडलेली आत्याबाई.

आत्याबाई फरशीवर होती खरी, पण मांडी घालून. पुढ्यात पाट. पाटावर विळी, मेंढ्या कातरायची जुनी कातर, मिक्सरचं भांडं आणि ओळीनं तिन्ही बटनं. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं. वर टाकी भरून वाहत होती आणि भर दुपारी दिवा जळत होता.

"ह्येच तर माझं खरं हत्यार," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "दाबून दाबून लावलं कुकू, निघू नाय म्हून."

आता यावर हसावं की रडावं? प्रांजली दोन्ही विसरून कडाडली. "जीव गेला ना माझा! असं उठसूट पळत आले तर नोकरी जाईल उद्या. पुन्हा त्याला हात लावाल तर बघा!"

म्हातारीनं बोट पदराला पुसलं. फार लागेल असं आपण बोललो, हे प्रांजलीला जेवताना कळत होतं. दोन गोड शब्द बोलावेत असं वाटलंही, पण राहून गेलं. सासू-सुनांमध्ये राहूनच जातं ते.

पुढं दिवाळी तोंडावर आली. एके दिवशी फोन सकाळपासून गप्प होता, म्हणून ती निर्धास्त होती. येताना मेथीची जुडीसुद्धा घेतली. दार उघडलं तर आत्याबाई भिंतीला टेकून बसलेली. घामानं चोळी चिंब, ओठ निळसर. लाल बटन दोन्ही हातांत घट्ट धरलेलं.

"कवापासून दुखतंय?"

"जेवले तवापासून."

"अन् दाबलं नाय? हातात धरून बसलात अन् दाबलं नाय?"

"हात लावू नको म्हणलीस..." म्हातारीला धाप लागली होती. "तुझी नोकरी जाईल म्हणलीस ना, पोरी. म्हणलं गॅस आसंल. जरा कळ काढावी, मग तू येशीलच घरी."

प्रांजलीनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. डॉक्टरांनी दिलेली गोळी सासूच्या जिभेखाली ठेवली, खालच्या सोमनाथ रिक्षावाल्याला हाका मारल्या, रामहरीला फोन केला. सोमनाथ रिक्षा वळवत होता तेवढ्यात तिनं म्हातारीला पोटाशी धरलं. "चुकलं माझं, आत्याबाई. लई चुकलं."

"आता दाबू का?" म्हातारीनं विचारलं. जीव कासावीस झालेला, आणि बाई परवानगी मागत होती!

"दाबा. कवाबी दाबा. मी हाय ना."

अंगठ्यात जोर राहिला नव्हता. प्रांजलीनं त्यावर आपला अंगठा ठेवून दाबला. मेथीच्या पिशवीत टाकलेला फोन खणखणायला लागला.

"आले, आत्याबाई," ती म्हणाली, "आले मी." आणि सासूला उचलून जिन्याकडं निघाली.